ऑफिसचं नेट स्लो? कंपनीला फोन लावण्याआधी या क्रमाने तपासा

ऑफिसचं नेट स्लो झालं की बहुतेक ठिकाणी तेच तीन प्रकार होतात. कुणीतरी उठून राऊटर बंद-चालू करतो, कुणीतरी कंपनीला फोन लावून भांडतो, आणि महिनाभराने शेठ वैतागून मोठा प्लॅन घेतात. १०० एमबीपीएसचा ३०० होतो, बिल वाढतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचं मेलचं अटॅचमेंट तसंच गोल गोल फिरत राहतं. कारण बिघाड नेमका कुठे आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

म्हापसा, मडगाव, फोंडा, पर्वरी, जिथे जिथे पाच ते वीस माणसांची ऑफिसं आहेत तिथे हेच चालू असतं, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. यात कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. नेट बाहेरून आत येतं तर तपासायचंही बाहेरून आत. आधी कंपनीची लाईन, मग वायर आणि स्विच (एका लाईनवर अनेक वायरी जोडायचा डबा), मग वायफाय, मग नेट खाणारी मशीनं, आणि सगळ्यात शेवटी सेटिंग. लोक नेमकं उलटं करतात, आधी राऊटरच्या सेटिंगमध्ये घुसतात आणि मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळेनासं होतं.

एक नियम पूर्ण वेळ पाळा: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट.

## तयारी (ही टाळलीत तर पुढचं सगळं वाया)

हे आधी जमवा:

- लॅन पोर्ट (नेटची वायर लावायचं भोक) असलेला लॅपटॉप. आजकालच्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतो, मग यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर लागतो. तो गिगाबिटचाच घ्या. स्वस्तातले बरेच ॲडॅप्टर १०० एमबीपीएसच्या वर जात नाहीत, आणि मग ३०० च्या प्लॅनवर ९४ दिसले की दोष कंपनीला.
- दोन नव्या, फॅक्टरीत बनलेल्या पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या लॅनच्या छोट्या वायरी). ड्रॉवरमधल्या जुन्या नकोत. संशयित वायरने दुसरी संशयित वायर तपासता येत नाही.
- कनेक्शनची माहिती. ग्राहक क्रमांक, पीपीपीओई (लॉगिन करून चालणारं कनेक्शन) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड, राऊटरचा ॲडमिन पासवर्ड, आणि रजिस्टर्ड मोबाईल नंबर. हा नंबर कुणाचा आहे ते आजच बघा, पुष्कळ ऑफिसांत तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा निघतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो.
- नेटवर्कचं चित्र. पाठकोऱ्या कागदावर चालेल. फायबरचा डबा कुठे, राऊटर कुठे, स्विच किती, कुठली वायर कुठल्या टेबलाला. वायरींच्या दोन्ही टोकांना टेपवर नंबर लिहून चिकटवा. अर्धे लोक हे करत नाहीत आणि मग टेबलाखाली वाकून वायर ओढून बघतात की कुणाचं बंद पडलं.
- वही. तारीख, वेळ, काय टेस्ट केलं, काय आकडा आला.

वेळ निवडताना ऑफिस उघडायच्या आधीचा अर्धा तास नाहीतर जेवणाची सुट्टी बघा. सगळे काम करत असताना लाईन तपासली तर तो आकडा लाईनचा नसतो, सगळ्यांच्या वापरातून जे उरलं त्याचा असतो.

आकडे वाचण्याबद्दल एकदाच: प्लॅन मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) असतो, डाउनलोड करताना ब्राउझर मेगाबाईटमध्ये दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाईल १२ मेगाबाईट प्रति सेकंदाने उतरत असेल तर तुमचं नेट एकदम ठणठणीत आहे, तक्रार करू नका.

## टप्पा १: तक्रार नीट विचारून घ्या

"नेट स्लो आहे" याला काही अर्थ नाही. हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. सगळ्यांना स्लो आहे की एकालाच?
२. सगळ्या साईट की एकच साईट?
३. दिवसभर की ठराविक वेळी?
४. वायरवरच्या मशीनला पण, की फक्त वायफायवाल्यांना?

एकालाच स्लो असेल तर त्याचं मशीन आधी बघा. टास्क मॅनेजर उघडा, डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर नेटचा काही संबंध नाही, जुनी हार्ड डिस्क दमलीय, तिथे एसएसडी बसवा. आणि फक्त टॅली स्लो असेल, त्याचा डाटा ऑफिसातल्याच दुसऱ्या पीसीवर असेल, तर ते इंटरनेट वापरतच नाही, तो आतल्या नेटवर्कचा प्रश्न आहे, सरळ टप्पा ४ ला जा.

एकच साईट स्लो असेल तर बहुतेक वेळा ती साईटच स्लो असते. सीए लोकांना हे वेगळं सांगायला नको, दर महिन्याच्या २० तारखेला थ्रीबी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायची धावपळ असते तेव्हा जीएसटी पोर्टल हळू चाललं म्हणून राऊटर उचलून आपटण्यात अर्थ नाही. मोबाईल डाटावर तीच साईट उघडून बघा. तिथेही रखडली तर तुमचं नेट निर्दोष.

चेक: चारही प्रश्नांची उत्तरं लिहिली? मगच वायरला हात लावा.

## टप्पा २: रिस्टार्ट, पण क्रमाने

रिस्टार्ट सगळेच करतात, पण सगळं एकदम बंद आणि सगळं एकदम चालू. असं नको.

१. सगळं बंद करा: फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, राऊटर, सगळे स्विच. प्लगपासून.
२. मिनिटभर थांबा.
३. आधी फक्त ओएनटी चालू करा. त्याचा पॉन लाईट स्थिर होईपर्यंत थांबा. लॉस नावाचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाहीये, तिथेच थांबून टप्पा ८.
४. मग राऊटर. त्याचा इंटरनेटचा दिवा आला की मग स्विच.
५. शेवटी पीसी.

सावधान: रिस्टार्ट म्हणजे रिसेट नव्हे. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबलं की राऊटर फॅक्टरीतून आला तसा होतो, पीपीपीओईचं युजरनेम गेलं, व्हीलॅन सेटिंग गेलं, आणि माणूस येईपर्यंत ऑफिस बंद. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा उद्योग केलात तर माणूस सुट्टी संपल्यावरच येणार.

रिस्टार्टनंतर तास-दोन तास नेट छान चालतं आणि परत ढेपाळतं असं असेल तर दोन शक्यता. डबा प्रचंड तापतोय (बंद कपाटात, फायलींच्या ढिगाखाली ठेवलेला असतो), किंवा ॲडॅप्टर मरायला टेकलाय. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जितक्या वेळा झटके देऊन जाते-येते त्यात हे छोटे ॲडॅप्टर आधी मरतात, आणि पूर्ण मरत नाहीत, अर्धवट मरतात. दिवे लागतात पण डबा मध्येच हँग होतो. नवा ॲडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, १२ च्या जागी १२च, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. ओएनटी आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा, आणि मे महिन्यातल्या किंवा ऑक्टोबरातल्या विजा सुरू झाल्या की शक्य असेल तर प्लग आणि लॅनच्या वायरी दोन्ही काढा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही.

## टप्पा ३: लाईन एकटी तपासा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा, आणि सगळ्यात जास्त लोक गाळतात तो पण हाच.

१. ओएनटीतून ऑफिसकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी काढा. त्याचं स्वतःचं वायफाय असेल तर ते बंद करा.
२. नवी पॅच कॉर्ड घेऊन लॅपटॉप थेट ओएनटीला जोडा.
३. ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल (म्हणजे लॉगिन तुमच्या राऊटरमधून होतं) तर लॅपटॉपला थेट नेट मिळणार नाही. मग राऊटर मध्ये ठेवा, पण राऊटरला फक्त लॅपटॉप, बाकी सगळं काढलेलं.
४. लॅपटॉपवरचं वायफाय बंद करा. हे विसरलात तर टेस्ट वायरची झाली की वायफायची ते कळणारच नाही.
५. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, अपडेट, सगळं थांबवून स्पीड टेस्ट तीनदा घ्या. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) तिन्ही लिहा.
६. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहा, स्पेस, ८.८.८.८, स्पेस, डॅश टी. (टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी.) पाच मिनिटं चालू ठेवा. कंट्रोल-सी दाबलं की शेवटी किती पॅकेट (डाटाचे छोटे तुकडे) हरवले ते येतं.

१०० च्या प्लॅनवर ९०च्या पुढे आला, पिंग दोन आकडी आणि बऱ्यापैकी स्थिर, पॅकेट एकही हरवलं नाही, म्हणजे लाईन ठीक. बिघाड तुमच्या घरातला, टप्पा ४ ला चला. स्पीड चांगला पण शंभरातले पाच-सहा पॅकेट हरवतायत हे ठीक नाही, अशा लाईनवर व्हिडिओ कॉल तुटतो आणि लोक म्हणतात स्पीड टेस्ट तर भारी येते.

हीच टेस्ट सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आठनंतर अशी तीनदा घ्या. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एका फायबरची सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, त्यामुळे सकाळी ९५ आणि रात्री २० येत असतील तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तुम्ही राऊटर बदलून ती कमी होत नाही.

ऑप्टिकल पॉवर म्हणजे किती प्रकाश पोचतोय ते बघा. ओएनटीच्या सेटिंग पेजवर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, डीबीएममध्ये, उणे चिन्हाचा. उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असेल तर निवांत. उणे २७ किंवा त्याहून खाली, म्हणजे उणे २८, उणे २९, तर प्रकाश अपुरा आहे. फायबर कुठेतरी करकचून वाकली, कनेक्टर मळला किंवा खांबावरच्या जोडाच्या डब्यात पाणी गेलं. वादळात माडाची झावळी पडून फायबर ताणली जाते तेव्हाही असंच होतं, तुटत नाही पण आकडा घसरतो. ऑफिसच्या आतला भाग तेवढा स्वतः बघा: कपाटामागे चेपली नाही ना, टाय बांधताना घट्ट आवळली नाही ना.

सावधान: फायबरचं उघडं टोक डोळ्यासमोर धरून "लाईट येतोय का" बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. कनेक्टर बोटाने किंवा शर्टाने पुसू नका. आणि हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू नका, दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

चेक: लाईन खराब निघाली तर मधलं सगळं सोडून टप्पा ८. चांगली निघाली तर कंपनीचा विषय संपला, आता भांडायला फोन करू नका.

## टप्पा ४: वायर आणि स्विच

आता एकेक वायर परत जोडायची आणि प्रत्येक जोडल्यावर टेस्ट. सगळ्या एकदम जोडायच्या नाहीत.

विंडोजमध्ये सेटिंग, नेटवर्क, इथरनेट, तिथे लिंक स्पीड दिसतो. गिगाबिट पोर्टवर १००० हवा. १०० दिसत असेल तर गंमत कळून घ्या: लॅनच्या वायरीत चार जोड्या म्हणजे आठ तारा असतात, १०० ला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. गिगाबिटला लागणाऱ्या जादा दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी लिंक मुकाट्याने १०० वर उतरते, बंद पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ३०० च्या प्लॅनवर स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ लाच अडकत असेल तर हीच गोष्ट आहे, नाहीतर मध्ये कुठेतरी जुना १०० वाला स्विच बसलाय. लिंक १० दाखवत असेल तर ती वायर काढून टाकाच.

आता प्लग. काढा आणि खिडकीजवळ उजेडात धरा. आतल्या आठ सोनेरी पत्र्या चकचकीत दिसायला हव्यात. वास्को, मिरामार, कळंगुट अशा समुद्राजवळच्या ऑफिसांत दोन पावसाळे गेले की त्यांच्यावर हिरवट-काळी बुरशीसारखी पुटं दिसतात, खाऱ्या हवेचा प्रताप. वरची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली असते आणि प्लग सेलोटेपने चिकटवलेला, पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली की लिंक जाते. बाहेरचं वेष्टण प्लगच्या आत शिरलेलं हवं, रंगीत तारा बाहेर दिसत असतील तर क्रिम्पिंग (तारांवर प्लग दाबून बसवणं) भिकार आहे. असले प्लग घासत बसू नका, कापून नवे लावा. आणि स्विच उघडून एकदा बघा, मुंग्यांना ती उबदार जागा फार आवडते.

वायर विकत घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, हलकी लागते, वाकवली की तुटते आणि लांबवर नेली की त्रास देते. कॅट ५ई सुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, ऑफिसला कॅट ६ घेतलीत तर उत्तमच. विजेच्या वायरीच्या पट्टीतूनच लॅन ओढू नका.

लूप: हा प्रकार साफसफाईनंतर हमखास होतो. टेबलाखाली एक वायर लोंबत दिसते, कुणीतरी सद्भावनेने ती स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये घालतं, आणि तिचं दुसरं टोक त्याच स्विचला असतं. साध्या स्विचमध्ये याला आवर घालायची सोय नसते, तेच पॅकेट फिरत राहतात, सगळे दिवे एकसारखे वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खं ऑफिस बंद. एकेक वायर काढत जा, जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार.

चेक: कुठल्याही वायरवाल्या पीसीवरून राऊटरला पिंग करा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). १-२ मिलिसेकंद, एकही पॅकेट हरवायला नको. इथे अडखळत असेल तर वायफायकडे वळू नका, अजून वायरच बघा.

## टप्पा ५: वायफाय

वायर ठीक, वायफाय स्लो, ही गोव्यातल्या जुन्या घरांत थाटलेल्या ऑफिसांची नेहमीची कहाणी. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाचं पाणी मुरलेलं, राऊटर बाल्कांवाजवळ (पुढच्या ओसरीत) कारण फायबर तिथून आत येते, आणि कामाची माणसं तीन खोल्या आत. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ५ चा तर अशा एकाच भिंतीत निम्मा मरतो.

१. आधी राऊटरच्या खोलीत उभं राहून टेस्ट, मग टेबलावर. पहिली चांगली आणि दुसरी वाईट तर प्रश्न अंतराचा आणि भिंतीचा. दोन्ही वाईट तर चॅनलचा किंवा राऊटरचा.
२. वायफायवरून राऊटरला पिंग करा. ५-१० च्या आसपास ठीक, मध्येच २००-३०० च्या उड्या दिसल्या तर हवेत गर्दी आहे.
३. मोबाईलवर वायफाय ॲनालायझर टाका. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला सगळ्यात मोकळा घ्या. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ८ घेऊन हुशारी केलीत तर दोन्ही बाजूंचा गोंगाट पदरात.
४. २.४ आणि ५ ला वेगळी नावं देऊन बघा. जवळच्या लॅपटॉपना ५, लांबच्या प्रिंटर-बिंटरला २.४.
५. राऊटर जमिनीवर, लोखंडी कपाटात, फ्रीजमागे नको. उंचावर आणि मोकळा.

डिसेंबरात कळंगुट-बागा पट्ट्यात ऑफिस असेल तर हीच यादी परत बघा. आजूबाजूच्या प्रत्येक होमस्टेत सीझनला गर्दी असते आणि जुलैत मोकळा असलेला चॅनल तेव्हा भरलेला असतो.

आता रिपीटर. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून परत बोलतो, स्पीड निम्म्यावर येतो, आणि सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात म्हणून शेठना वाटतं काम झालं. भिंतीला भोक पाडा, आतल्या खोलीत लॅनची वायर न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (वायरवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा) लावा. एक दिवसाचं काम आहे, पण जाड भिंतींत याला पर्याय नाही. भाड्याची जागा असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल तर वायर दाराच्या वरून पट्टीतून न्या.

चेक: लांबच्या टेबलावर राऊटरला पिंग परत करा, आकडा वहीत.

## टप्पा ६: नेट खातंय कोण

लाईन, वायर, वायफाय सगळं ठीक आणि तरी ठराविक वेळी ढेपाळतं, तर कुणीतरी भरभरून घेतंय. लोक इथे डाउनलोड करणाऱ्याला शोधतात, चोर बहुतेक अपलोडमध्ये असतो.

अपलोडची लाईन भरली की फेरीबोटीच्या धक्क्यासारखं होतं, पुढे चार ट्रक उभे असले की मागच्या स्कूटरवाल्याला जायचंय एकटं तरी थांबावं लागतं. साईट उघडायची विनंती ही अशीच छोटीशी स्कूटर, आणि ती मोठ्या फायलींच्या मागे अडकते. म्हणून अपलोड भरलं की डाउनलोडही मेल्यासारखं वाटतं.

खात्री अशी करा: एका मशीनवर पिंग चालू ठेवा, दुसऱ्यावरून मोठी फाईल ड्राइव्हवर चढवा. पिंग २० वरून ४००-५०० वर गेला तर हेच दुखणं.

मग एकेक बघा:

- सीसीटीव्ही. एक कॅमेरा सेटिंगप्रमाणे २ ते ४ मेगाबिट खातो. रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये होतंय तोवर बाहेरचं नेट लागत नाही, पण शेठ घरी बसून आठही कॅमेरे मोबाईलवर मोठ्या क्वालिटीत बघायला लागले की सगळा अपलोड तिथे. मोबाईलसाठी सबस्ट्रीम (कमी क्वालिटीचं चित्र) लावून द्या.
- क्लाउड सिंक. आर्किटेक्टच्या ऑफिसात एकाने ड्रॉइंगचं फोल्डर सिंकला टाकलं की झालं. सिंकच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, ती घाला.
- मोबाईल. सगळ्यांचे फोन ऑफिसच्या वायफायवर, आणि चार्जिंगला लावले की फोटोंचा बॅकअप सुरू. फोनना गेस्ट नेटवर्क द्या आणि त्याला स्पीडची मर्यादा.
- विंडोज अपडेट. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये इंटरनेटवरच्या इतर पीसींना पाठवायचा पर्याय बंद, वेळ संध्याकाळची.

कुठलं मशीन ते राऊटरच्या पेजवर दिसतं. दिसत नसेल तर त्या पीसीवर रिसोर्स मॉनिटरचा नेटवर्क टॅब उघडा, कुठला प्रोग्रॅम किती पाठवतोय ते नावानिशी येतं. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा स्मार्ट क्यू (नेट सगळ्यांत नीट वाटून देणारी सोय) असेल तर चालू करा आणि मर्यादा टप्पा ३ मध्ये मोजलेल्या स्पीडच्या साधारण ९० टक्के टाका. प्लॅनचा आकडा नको, मोजलेला.

## टप्पा ७: सेटिंग, फक्त आता

दोन राऊटर. जुना राऊटर वायफायसाठी पुढे जोडलाय आणि त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी म्हणजे नेटवर्कचा पत्ता वाटणारी सोय) चालूच आहे, हे दर तिसऱ्या ऑफिसात सापडतं. काही मशीनना पत्ता नव्याकडून, काहींना जुन्याकडून, प्रिंटर कुणाला दिसतो कुणाला नाही, नेट येतं-जातं. जुन्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला वेगळा आयपी द्या, आणि वायर त्याच्या वॅनमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या पोर्टमध्ये) न घालता लॅन पोर्टमध्ये घाला.

आयपीची टक्कर. प्रिंटर आणि डीव्हीआरला हाताने दिलेला आयपी डीएचसीपीच्या पट्ट्यात येता कामा नये. डीएचसीपी (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० ठेवा, हाताने दिलेले १० ते ५० मध्ये.

डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा. साईट उघडायला पाच सेकंद लागतात पण उघडली की झरझर चालते, ही डीएनएसची खूण. राऊटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकून बघा. याने डाउनलोडचा स्पीड वाढत नाही, कुणी काही सांगितलं तरी.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाईट. पीपीपीओईवर १४९२ असतो. राऊटरमध्ये १५०० राहिला तर बाकी सगळं चालतं आणि बँकेची एखादी साईट किंवा व्हीपीएन अर्ध्यात लटकतं.

## टप्पा ८: कंपनीकडे तक्रार

टप्पा २ मध्ये लॉसचा लाल दिवा लागला किंवा टप्पा ३ मध्ये लाईनच खराब निघाली तरच इथे या. "स्लो आहे हो" म्हणू नका. असं सांगा: वायरने थेट जोडून, बाकी सगळं काढून, अमुक तारखांना अमुक वेळी एवढा स्पीड, एवढे पॅकेट हरवले, आरएक्स पॉवर एवढी. फोन उचलणाऱ्याचा सूरच बदलतो, कारण राऊटर बंद-चालू करा हे सांगायची सोय उरत नाही.

तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या, नंबराशिवाय केलेली तक्रार म्हणजे गप्पा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे तक्रार केंद्राकडून निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं, त्याला फी नाही. तिथे हाच डॉकेट नंबर मागतात.

लाईनमन आला की त्याच्या मीटरवरचा आकडा स्वतः वाचा आणि वहीत लिहा. तो बाहेरच्या बाहेर बघून "लायन समा आसा, तुमच्याच राऊटराक प्रोब्लेम आसा" (लाईन ठीक आहे, तुमच्याच राऊटरला प्रॉब्लेम आहे) म्हणून निघायला लागला तर शांतपणे तुमचा लॅपटॉप त्याच्यासमोर थेट ओएनटीला लावा आणि टेस्ट चालवा. दुरुस्ती झाल्यावरही तीच टेस्ट, तोच लॅपटॉप, तीच कॉर्ड, तो उभा असतानाच. तक्रार बंद करायला तो ओटीपी मागतो, तो टेस्टचा आकडा बघून झाल्यावरच द्या.